२३ चॅनलच्या जुन्या सीबी संचात डिजिटल सिंथेसायझर बसवल्यावर येणारा गोंगाट: उगम कसा शोधावा

जुन्या सीबी (सिटिझन्स बँड, सर्वसामान्यांचा रेडिओ पट्टा) संचातले फ्रीक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल काढून त्यांच्या जागी एसआय५३५१ ही हव्या त्या फ्रीक्वेन्सी तयार करणारी चिप बसवणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकसारखीच असते. संच चालू होतो, फ्रीक्वेन्सी बरोबर येते, प्रक्षेपणही होते. पण समोर कोणी बोलत नसतानाही सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा सहा-सातवर जाऊन बसतो, रिकाम्या चॅनलचा आवाज बंद करणाऱ्या स्क्वेल्चचा नॉब पूर्ण फिरवला तरी स्पीकर गप्प होत नाही आणि पूर्वी स्वच्छ ऐकू येणारी स्टेशने खरखरीखाली गाडली जातात. मग गोंगाट दाबणारे फेराइटचे मणी आणले जातात, ते हाताला येईल त्या तारेत ओवले जातात, काटा जेमतेम अर्धे घर खाली येतो आणि शेवटी जुन्या संचाचे नव्या चिपशी जमतच नाही, असा निष्कर्ष काढून सगळा डबा माळ्यावर टाकला जातो.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. माझ्या अनुभवात हा गोंगाट तीन वेगवेगळ्या वाटांनी संचात शिरतो, प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते आणि उपायही वेगळा असतो. कोणत्या वाटेने तो येतो आहे हे आधी ठरवले तर दोन-तीन संध्याकाळींत काम होते. ते न ठरवता उपाय सुरू केले तर महिने जातात. माझे सात आठवडे गेले, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

कोणता संच आणि का

मी अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो आणि इथल्या जुन्या बाजारांत २३ चॅनलचे सीबी संच अजूनही ढिगाने दिसतात. २७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा १९५८ मध्ये सर्वसामान्यांना खुला झाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तेव्हा ट्रकचालकांनी हे संच घरोघरी पोहोचवले. १ जानेवारी १९७७ पासून ४० चॅनल मिळाले आणि २३ चॅनलचा संच एका रात्रीत मागे पडला. म्हणूनच यातले कितीतरी संच फार न वापरलेले, पत्रा चकचकीत असलेले मिळतात. त्यांची बांधणी मजबूत आहे, आत हात घालायला जागा आहे आणि प्रत्येक भाग डोळ्यांना दिसेल एवढा मोठा आहे. असे यंत्र एका क्रिस्टलपायी भंगारात जावे, हे मला बघवत नाही.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट करतो. अमेरिकेत सीबी संचाच्या प्रक्षेपकात अंतर्गत बदल करून तो सीबी पट्ट्यावर वापरण्यास मनाई आहे. त्यामुळे मी माझा संच हौशी रेडिओच्या १० मीटर पट्ट्यावर नेला. हा पट्टा २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ असा आहे आणि त्यात एएमवर बोलणारी मंडळी २९.००० ते २९.२०० च्या आसपास भेटतात. इथल्या टेक्निशियन वर्गाच्या परवान्याला २८.५ च्या वर जाता येत नाही, म्हणून जनरल परवाना लागतो. भारतातही हा पट्टा हौशी परवानाधारकांसाठी आहे, तेव्हा पुण्या-मुंबईच्या ज्या परवानाधारकांच्या कपाटात परदेशातून आलेला असा संच पडून असेल, त्यांनाही पुढचे सगळे लागू पडेल.

आता मूळ रचना. १४ क्रिस्टलांच्या नेहमीच्या जुळणीत ३७.६०० पासून ३७.८५० मेगाहर्ट्झपर्यंत ५० किलोहर्ट्झच्या अंतराने सहा क्रिस्टल असतात, प्रक्षेपणासाठी १०.६३५, १०.६२५, १०.६१५ आणि १०.५९५ असे चार, तर ग्रहणासाठी १०.१८०, १०.१७०, १०.१६० आणि १०.१४० असे आणखी चार. पहिल्या सहांपैकी एकातून प्रक्षेपणाच्या चारांपैकी एक वजा केला की चॅनल मिळतो. उदाहरणार्थ ३७.६०० वजा १०.६३५ म्हणजे २६.९६५, हा पहिला चॅनल. अशा २४ जोड्या होतात आणि त्यातल्या २३ वापरल्या गेल्या. सगळ्या संचांत हीच जुळणी नव्हती, त्यामुळे आपल्या संचाची आकृती पाहूनच पुढे जावे. पण ही जुळणी असेल तर बिघाड कानाने ओळखता येतो: सलग चार चॅनल मेले असतील तर ३७ च्या गटातला क्रिस्टल गेला आहे, आणि दर चौथा चॅनल मेला असेल तर १० च्या गटातला. माझ्या संचात १३ ते १६ बंद होते, म्हणजे ३७.७५० चा क्रिस्टल गेलेला. तसा क्रिस्टल नव्याने घडवून घ्यायचा खर्च संचाच्या किमतीपेक्षा जास्त होता.

एसआय५३५१ या चिपला तीन स्वतंत्र आउटपुट असतात, म्हणजे १४ क्रिस्टलांचे काम एकटी चिप करू शकते. मी पहिल्या आउटपुटवर ३७ च्या गटाची जागा घेणारी फ्रीक्वेन्सी ठेवली, दुसऱ्यावर ग्रहणाची १०.१८० आणि तिसऱ्यावर प्रक्षेपणाची १०.६३५. २९.००० हवे असेल तर पहिल्या आउटपुटवर ३९.६३५ द्यायचे, २९.२०० साठी ३९.८३५. संचाची इनपुट कॉइल आणि प्रक्षेपकाच्या कॉइल नव्या पट्ट्यावर ट्यून केल्या. हे सगळे एका रविवारी झाले आणि त्याच रात्री काटा सातवर जाऊन बसला.

हत्यार उचलण्याआधीची तपासणी

पहिले काम अँटेना काढण्याचे. तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजीचा रेझिस्टर, लावावा आणि संच घरातल्या पॉवर सप्लायवर न ठेवता १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा. एवढ्यानेच गोंगाट नाहीसा झाला, तर दोष बहुधा घरातल्या एलईडी दिव्यांचा किंवा चार्जरचा आहे. माझ्याकडे अँटेना काढल्यावर काटा सातवरून सहावर आला. म्हणजे जवळजवळ सगळा गोंगाट डब्यातच जन्माला येत होता.

दुसरे काम नॉब फिरवण्याचे. गोंगाट सगळ्या फ्रीक्वेन्सींवर सारखाच आहे, की कुठे उंच आणि कुठे सखल आहे? सारखाच असेल तर तो इनपुट कॉइलच्या पुढे, म्हणजे दुसऱ्या आयएफमध्ये (आलेली लहर ज्या ठरावीक मधल्या फ्रीक्वेन्सीवर उतरवली जाते त्या टप्प्यात) किंवा सप्लायच्या रेषेवरून शिरतो आहे. ठरावीक अंतराने उंचवटे येत असतील तर तो २९ मेगाहर्ट्झवरच तयार होऊन अँटेनाच्या बाजूच्या दारातून येतो आहे.

तिसरे काम नुसते ऐकण्याचे, आणि हेच काम बहुतेक जण करत नाहीत. काटा वर असताना स्पीकरमधून काय येते? खरखर येते, शिट्टी येते, की काहीच येत नाही? काटा पाचवर असूनही स्पीकर शांत असेल, तर तो गोंगाट नव्हे, ती अखंड वाहक लहर (आवाज न लादलेली नुसती रेडिओ लहर) आहे आणि तिचा विचार पूर्णपणे वेगळा करावा लागतो. त्याकडे पुढे सविस्तर येतो. या संचांमध्ये स्क्वेल्च एजीसीच्या, म्हणजे सिग्नलच्या जोरानुसार रिसीव्हरचा जोर आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सर्किटच्या, व्होल्टेजवर चालतो, म्हणून खरखर असो वा शांत वाहक लहर, दोन्हींमुळे तो सारखाच उघडतो. नुसत्या स्क्वेल्चवरून या दोन दोषांत फरक करता येत नाही, कान लावावाच लागतो.

काट्याचा आकडा दर पायरीला वहीत लिहावा. जुन्या संचांचे मीटर अचूक नसते, पण तेच मीटर, तीच बॅटरी आणि तोच डमी लोड असेल तर तुलना करायला ते पुरेसे आहे.

पहिली वाट: सप्लाय

चिप, कंट्रोलर आणि डिस्प्ले मिळून झालेल्या नवीन मॉड्यूलला ५ व्होल्ट लागतात आणि संचात १३.८ व्होल्ट असतात. बाजारात या कामासाठी सर्वांत सहज मिळणारे मॉड्यूल एलएम२५९६ या स्विचिंग रेग्युलेटरचे असते. मीही तेच लावले होते. ही चिप सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा, म्हणजे १५० किलोहर्ट्झने, चालू-बंद होते. याचे दोन परिणाम होतात. या १५० ची पटीतली रूपे (हार्मोनिक) दर १५० किलोहर्ट्झवर उमटतात, आणि त्यातले १९४ वे रूप २९.१०० वर, म्हणजे नेमके आपल्या पट्ट्याच्या मध्यावर पडते. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे १५० ची तिप्पट ४५० होते आणि या संचांचा दुसरा आयएफ ४५५ किलोहर्ट्झ असतो. चिपची प्रत्यक्ष फ्रीक्वेन्सी १५० च्या थोडी मागेपुढे असते. ती १५१ च्या पुढे गेली की तिसरे रूप सरळ आयएफच्या खिडकीतून आत येते. मग अँटेना असो वा नसो, चॅनल कोणताही असो, गोंगाट हलत नाही.

खात्री करण्याची सोपी रीत अशी: नवीन मॉड्यूलची सप्लायची तार संचापासून सोडवावी आणि नऊ व्होल्टच्या सुट्या बॅटरीवर ७८०५ हा स्विचिंग न करणारा साधा रेग्युलेटर लावून मॉड्यूल त्यावर चालवावे. माझ्याकडे हे करताच काटा सहावरून चारवर आला. आणखी एक खूण आहे. संच तापत जातो तशी शिट्टी हळूहळू सरकत असेल तर ती स्विचिंग रेग्युलेटरचीच, कारण त्याच्या आतला दोलक (ऑसिलेटर) क्रिस्टलचा नसतो. क्रिस्टलवर चालणाऱ्या भागाची शिट्टी जागची हलत नाही.

उपाय म्हणजे स्विचिंग रेग्युलेटर काढून टाकणे. त्याला फिल्टर लावून लावून सुधारण्यात मी दोन आठवडे घालवले. ते करू नये. चिपला सूचना देणाऱ्या एटीमेगा ३२८ या कंट्रोलरचा छोटा बोर्ड, एसआय५३५१ आणि डिस्प्ले मिळून माझ्याकडे ४५ मिलिअँपिअर घेतात. १३.८ मधून ५ गेले की ८.८ व्होल्ट उरतात, त्यांना ४५ मिलिअँपिअरने गुणले की जेमतेम ०.४ वॅट उष्णता होते. एवढी उष्णता ७८०५ हीट सिंकशिवाय सहज सोसतो. वीज वाचवण्यासाठी स्विचिंग वापरण्याचे इथे काही कारणच नाही. इनपुटला ०.३३ मायक्रोफॅरड आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड हे कपॅसिटर ७८०५ च्या पायांना चिकटून लावावेत. त्याआधी सप्लायच्या तारेत एक चोक आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा.

याच ठिकाणी ग्राउंडकडे विशेष लक्ष द्यावे. त्या काळी काही वाहनांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, म्हणून बरेच संच दोन्ही प्रकारच्या वाहनांत चालावेत असे बनवलेले आहेत. त्यांत सर्किट बोर्डाचा ग्राउंड पत्र्याच्या डब्याला थेट जोडलेला नसतो, मध्ये कपॅसिटर असतात. बॅटरी आणि अँटेना काढून बोर्डाचा ग्राउंड आणि डबा यांच्यामध्ये मल्टीमीटर लावून पाहावे. तो सरळ जोड दाखवत नसेल, तर नवीन मॉड्यूल धातूच्या खांबांवर डब्याला कसणे ही मोठी चूक ठरते. मॉड्यूलचा ग्राउंड डब्याला टेकतो, त्याचा सगळा प्रवाह डब्यातून फिरून परत येतो आणि अँटेनाच्या सॉकेटची कडा त्याच डब्यावर असल्यामुळे गोंगाट थेट दारात जाऊन उभा राहतो. मी प्लास्टिकचे खांब वापरले आणि मॉड्यूलचा ग्राउंड एकाच जाड, छोट्या तारेने जुन्या क्रिस्टल दोलकाच्या शेजारी बोर्डावर टाका मारून जोडला. काटा चारवरून साडेतीनवर आला.

सप्लायचे आणखी एक कारण नवे नसून जुनेच असू शकते. या संचांतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आता पन्नाशीच्या आसपासचे आहेत. ते वाळलेले असतील तर सप्लायवर जे काही येईल ते आत जाऊ देतात आणि दोष मात्र नव्या मॉड्यूलवर येतो. ते आधी बदलावेत आणि बदलल्यानंतरचा काट्याचा आकडा क्रिस्टल काढण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावा. क्रिस्टल एकदा काढले की मूळ संच किती शांत होता हे कळायला मार्ग उरत नाही.

दुसरी वाट: कंट्रोलर आणि डिस्प्ले

हा भाग तुलनेने सोपा आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार प्रोग्रॅममध्ये कंट्रोलर चिपला आणि डिस्प्लेला तीच ती माहिती सतत पाठवत राहतो. दोन तारांवरची ही ये-जा सहसा १०० किंवा ४०० किलोहर्ट्झने चालते आणि रिसीव्हरमध्ये टरटरल्यासारखी ऐकू येते. वास्तविक एसआय५३५१ ला फ्रीक्वेन्सी एकदा सांगितली की पुढची सूचना येईपर्यंत ती स्वतःच चालू राहते. तेव्हा कंट्रोलरने नॉब फिरल्यावर किंवा माइकचे बटण दाबल्यावर जागे व्हावे, काम करावे आणि पुन्हा झोपी जावे. एटीमेगाची पॉवर-डाउन अवस्था यासाठीच आहे. तीत त्याचा १६ मेगाहर्ट्झचा दोलकही थांबतो. बटण दाबल्यापासून तो पुन्हा चालू व्हायला साधारण एक मिलिसेकंद लागते आणि बोलणाऱ्याला ते जाणवत नाही.

छोट्या ओएलईडी डिस्प्लेबद्दल माझे मत प्रतिकूल झाले आहे. त्यांच्या आत व्होल्टेज वाढवणारा चार्ज पंप असतो आणि पडदा सतत रेषेमागून रेष रंगवत असतो, त्यामुळे कंट्रोलर झोपला तरी डिस्प्ले झोपत नाही. तपासणी सोपी आहे, डिस्प्लेचे कनेक्टर काढून काटा पाहावा. माझ्याकडे तो साडेतीनवरून अडीचवर आला. मग मी डिस्प्ले लावलाच नाही. संचाची मूळ तबकडी, तिच्यावरचे १ ते २३ हे कोरीव आकडे आणि मागचा पिवळसर दिवा हेच त्या यंत्राचे रूप आहे, आणि ते झाकून निळी काच बसवावी असे मला वाटेनासे झाले. मूळ निवड-बटणाच्या आत सहा आणि चार असे संपर्क असतात, कारण ते क्रिस्टलच निवडत असे. तेच दहा संपर्क कंट्रोलरच्या दहा पायांना जोडले की बटणाची प्रत्येक जागा ओळखता येते. २३ जागांवर २९.००० पासून दर १० किलोहर्ट्झला एक अशा फ्रीक्वेन्सी मी बसवल्या आणि तबकडीशेजारी कागदाची छोटी पट्टी चिकटवली.

कंट्रोलर आणि चिप यांच्यासाठी कॉपर क्लॅड बोर्डाचे तुकडे टाके मारून जोडून झाकणासह डबी करावी. आत जाणाऱ्या प्रत्येक तारेवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि डबीच्या भिंतीलगत १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा. माइकच्या बटणाची तार मात्र सरळ कंट्रोलरला जोडू नये. तिच्यावर १२ व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा दोन रेझिस्टरांचा विभाजक मध्ये हवाच.

तिसरी वाट: चिपचे स्वतःचे आउटपुट

इथवर येईपर्यंत खरखर पूर्ण गेली होती. तरीही काटा अडीचवर अडकून होता, आणि कधी संच उघडून तारा हलवल्या की तो पाचवर जाई. स्पीकर मात्र शांत, इतका शांत की नेहमीची मंद सुंईसुद्धा नव्हती. दूरची स्टेशने गायब होती. मी हे बराच काळ चांगले लक्षण समजत होतो. प्रत्यक्षात रिसीव्हर बहिरा झाला होता.

कारण मूळ रचनेतच दडलेले आहे. प्रक्षेपणाची फ्रीक्वेन्सी म्हणजे वरच्या, म्हणजे ३७ च्या गटाच्या, दोलकाच्या फ्रीक्वेन्सीतून प्रक्षेपण क्रिस्टल वजा. पहिला आयएफ म्हणजे त्याच वरच्या दोलकातून येणारी स्टेशनची फ्रीक्वेन्सी वजा. बोलायचे आणि ऐकायचे एकाच फ्रीक्वेन्सीवर असते, म्हणून पहिला आयएफ नेहमी प्रक्षेपण क्रिस्टलच्या फ्रीक्वेन्सीएवढाच येतो. माझ्या जुळणीत दोन्ही १०.६३५. जुन्या संचात हा प्रश्न उभा राहत नसे, कारण माइकचे बटण सोडले की प्रक्षेपण क्रिस्टलच्या दोलकाची वीजच तुटत असे. मी मात्र तिन्ही आउटपुट सतत चालू ठेवली होती. म्हणजे ऐकत असतानाही १०.६३५ ची जोरकस लहर त्याच डब्यात, पहिल्या आयएफच्या नेमक्या मध्यावर उभी होती. एजीसीला ते ताकदीचे स्टेशन वाटत होते. त्याने सगळ्या टप्प्यांचा जोर कमी केला, सुंई बंद झाली, काटा वर गेला.

हे लक्षात आल्यावर मी प्रोग्रॅममध्ये ग्रहणाच्या वेळी तिसरे आउटपुट बंद करण्याची सूचना घातली. काटा थोडा उतरला, पण दोनवरच राहिला. मग त्या आउटपुटची तार चिपपासून सोडवून पाहिली, तरी फरक नाही. या जागी बरेच जण थांबत असतील असा माझा अंदाज आहे, म्हणून नेमके सांगतो. नेहमीची आउटपुट बंद करण्याची सूचना चिपच्या ३ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये लिहिली जाते. ती फक्त शेवटचे दार लावते. आतला विभाजक १०.६३५ वर फिरतच राहतो आणि चिपच्या आतूनच शेजारच्या पायांवर झिरपतो. तो थांबवायचा तर त्या आउटपुटच्या नियंत्रण रजिस्टरमधला सातवा बिट १ करावा लागतो. तिन्ही आउटपुटांसाठी ही रजिस्टरे १६, १७ आणि १८ आहेत. मी १८ मधला बिट बदलला, काटा एकदम एकच्या खाली गेला आणि कित्येक आठवड्यांनी स्पीकरमधून ती मंद सुंई ऐकू आली. त्या सुंईचा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

माइकचे बटण दाबताच याच्या उलट क्रम करावा: आधी १०.१८० चे आउटपुट पूर्ण झोपवावे, मग १०.६३५ चे जागे करावे. बटण सोडल्यावर आधी प्रक्षेपणाचे बंद, मग ग्रहणाचे चालू. प्रत्येक वेळी पीएलएल, म्हणजे चिपच्या आतला मुख्य दोलक, रीसेट करण्याची सूचना काही प्रोग्रॅममध्ये असते, ती काढून टाकावी. तिची गरज नसते आणि तिच्यामुळे दर खेपेस स्पीकरमध्ये टक् असा आवाज होतो.

आउटपुटच्या जोराबद्दलही लिहायला हवे. क्रिस्टल दोलक मऊ गोल लहर देतात, ही चिप ३.३ व्होल्टची चौकोनी लहर देते. चौकोनी लहरीत तिसरे रूप मूळच्या एक तृतीयांश एवढे असते, १०.१८० चे तिसरे रूप ३०.५४० वर, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या दाराशीच पडते. दोन लहरी मिसळणाऱ्या मिक्सर सर्किटला प्रमाणाबाहेर जोर मिळाला की नको असलेल्या शिट्ट्या जागोजागी उगवतात. म्हणून क्रिस्टल काढण्यापूर्वी मिक्सरपाशी ऑसिलोस्कोप लावून मूळ जोर मोजून ठेवावा आणि नंतर रेझिस्टरांच्या विभाजकाने तेवढाच द्यावा. १० मेगाहर्ट्झच्या दोन्ही आउटपुटांवर मी साधे π (पाय) आकाराचे फिल्टर लावले: दोन्ही टोकांना २७० पिकोफॅरड, मध्ये सुमारे १.३ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि शेवटी ५१ ओहमचा रेझिस्टर. पहिल्या आउटपुटसाठी वेगळा फिल्टर लागला नाही, कारण संचातली मूळ ट्यून केलेली कॉइल तिथेच आहे. चिपची लहर तिच्या अलीकडे सोडायची आणि कॉइल ३९.७ वर ट्यून करून घ्यायची. ही लहर शक्य तितकी स्वच्छ असावी म्हणून तिला एक पीएलएल स्वतंत्र द्यावा आणि त्याचा भागाकार सम पूर्णांक ठेवावा. मी २० ठेवला आहे, ३९.६३५ ला २० ने गुणले की ७९२.७ मेगाहर्ट्झ येतात आणि चिपचा आतला दोलक ६०० ते ९०० मध्ये चालतो, त्यामुळे ते बसते. बाकीची दोन्ही आउटपुट दुसऱ्या पीएलएलवर.

फ्रीक्वेन्सीची अचूकता हा फार मोठा प्रश्न नाही. चिपचा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दशलक्षात दहा भागांनी चुकला तर २९ मेगाहर्ट्झवर २९० हर्ट्झचा फरक पडतो आणि एएमवर तो कोणाला कळत नाही. तरी एका आउटपुटवर १० मेगाहर्ट्झ देऊन, दुसऱ्या रिसीव्हरवर कोलोरॅडोच्या डब्ल्यूडब्ल्यूव्ही या प्रमाण फ्रीक्वेन्सीच्या केंद्राशी, दोन्हींतली शिट्टी नाहीशी होईपर्यंत, जुळवून सुधारणा एकदाच प्रोग्रॅममध्ये लिहून टाकावी.

प्रक्षेपण हवेत सोडण्यापूर्वी मात्र ते डमी लोडवर, स्पेक्ट्रम अॅनालायझरला योग्य अॅटेन्युएटर लावून पाहावे. ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या हौशी पट्ट्यांवर प्रक्षेपण करताना नको असलेली रूपे मुख्य लहरीपेक्षा निदान ४३ डेसिबल खाली असावीत, असा इथला नियम आहे. माझ्या संचात ३९.६ ची गळती सुरुवातीला तेवढी खाली नव्हती. प्रक्षेपण मिक्सरनंतरच्या दोन कॉइल पुन्हा ट्यून केल्यावर ती खाली गेली.

आता डमी लोडवर काटा एकच्या खाली असतो आणि दिवसा अँटेना लावल्यावर दोन या आकड्याच्या आसपास. दोष म्हणावा असे एकच उरले आहे. तबकडी फिरवताना दर घराला एक बारीक टिक ऐकू येते, कारण त्या काही मिलिसेकंदांत कंट्रोलर जागा होऊन चिपशी बोलतो. त्या वेळेपुरता ऑडिओ बंद करून तीही घालवता येईल. मी ती तशीच ठेवली आहे, कारण जुन्या बटणाचा हाताला जाणवणारा खटका आणि ती टिक नेमक्या एकाच क्षणी येतात.